सीलबंद डबा, जांभळी डिस्क

खानापूरच्या कोर्टात पस्तीस वर्षे वकिली करून मी गेल्या वर्षी काळा कोट खुंटीला लावला. मूळ दस्त पाहिल्याशिवाय झेरॉक्सवर विश्वास ठेवू नये, असे पक्षकारांना जन्मभर सांगत आलो. आणि मोबाइलवरचे तीन फोटो पाहून अनोळखी माणसाला २,८०० रुपये पाठवले.

ऑटो प्रेमिंजर यांचा ‘अ‍ॅनाटॉमी ऑफ अ मर्डर’ हा १९५९ सालचा चित्रपट मी पुण्यात कायदा शिकत असताना एका फिल्म सोसायटीत पाहिला होता. खुनाच्या खटल्यावरचे चित्रपट पुष्कळ आहेत, पण कोर्टाचे कामकाज इतके खरे क्वचित दिसते, आणि त्याला कारण आहे. मूळ कादंबरी रॉबर्ट ट्रेव्हर या टोपणनावाने लिहिणारे जॉन व्होएलकर हे मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती होते, आणि पडद्यावर न्यायाधीश झालेले जोसेफ वेल्च हे मुळात नट नव्हेत, तर १९५४ मध्ये, कम्युनिस्ट असल्याचे आरोप करत सुटलेल्या सिनेटर मॅकार्थींना भर सुनावणीत खडसावणारे वकील. अमेरिकेतील क्रायटेरियन या जुने चित्रपट काढणाऱ्या कंपनीने २०१२ मध्ये या चित्रपटाची ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीपेक्षा स्वच्छ चित्र देणारी डिस्क, काढली, तेव्हापासून ती आपल्याकडे असावी असे वाटत होते.

एका वेबसाइटवर जुन्या डिस्क विकणाऱ्या एकाची जाहिरात दिसली. “सर, ओरिजिनल आहे, सीलपॅक, शेवटचा एकच पीस,” असे तो शुद्ध मराठीत बोलला. सीमाभागात फोनवर कोणी आपुलकीने मराठी बोलले की आपण निम्मे विरघळतो, हे मान्य करायला हवे. वेबसाइटवरून घेतल्यास कमिशन जाते, म्हणून थेट क्यूआर कोडवर पैसे पाठवा, असे त्याने सुचवले आणि मी पाठवले. आठव्या दिवशी बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरी पार्सल आले.

प्लास्टिक फाडले, डिस्क इथेच घेतलेल्या माझ्या प्लेअरमध्ये घातली आणि ती लगेच सुरू झाली. मला आनंद झाला. वास्तविक तिथेच शंका यायला हवी होती. ब्लू-रेसाठी जगाचे तीन विभाग पाडलेले आहेत, आणि एका विभागासाठी कुलूपबंद केलेली डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर चालत नाही. अमेरिका ‘ए’ मध्ये येते आणि भारत ‘सी’ मध्ये. ही आवृत्ती ‘ए’ साठी कुलूपबंद असल्यामुळे अस्सल डिस्क माझ्या प्लेअरने नाकारलीच असती. ती चालली, हाच ती बनावट असल्याचा पहिला पुरावा होता.

दुसरा पुरावा चित्रातच मिळाला. सरकारी वकील साक्ष घेताना मुद्दाम असा उभा राहतो की बचावाच्या वकिलाला, म्हणजे जेम्स स्टुअर्टला, साक्षीदार दिसू नये. तिघांच्या जागा एकाच चौकटीत दिसल्या तरच त्यातली लबाडी कळते. माझ्या डिस्कवर दोन्ही कडा छाटलेल्या होत्या, त्यामुळे स्टुअर्ट नेमका कशाबद्दल चिडला आहे तेच कळेना. न्यायाधीश वकिलांना जवळ बोलावून एका अंतर्वस्त्राला भर कोर्टात काय म्हणावे यावर खल करतात, तो गाजलेला प्रसंग तर गायबच होता. दोन तास चाळीस मिनिटांचा चित्रपट दोन तास अकरा मिनिटांत संपला. कुठल्या तरी टीव्ही वाहिनीवरून उतरवलेली प्रत असावी.

मग भिंग काढले. कारखान्यात छापलेल्या डिस्कची पाठ चंदेरी असते; हिच्या पाठीवर घरी लिहिलेल्या डीव्हीडीची जांभळी झाक होती. मधल्या कड्यात कोऱ्या डिस्कचा क्रमांक तेवढा होता. डब्यावरचे वेष्टन रंगीत झेरॉक्सचे, आणि अक्षरांच्या कडा पिसारलेल्या.

खरी चूक मात्र यानंतर झाली. “सर, बदलून देतो, दोन दिवस थांबा,” असे तो म्हणत राहिला आणि मी नऊ दिवस थांबलो. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला असता तर त्याच्या खात्यातली रक्कम गोठवण्याची शक्यता होती. माझी तक्रार नोंदली गेली तेव्हा ते खाते रिकामे झाले होते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते, पाच लाखांपर्यंत फीही लागत नाही, तेव्हा बेळगावच्या ग्राहक आयोगाचा रस्ता मला उघडा होता; पण विरुद्ध पक्षाचा नाव-पत्ता कुठून आणणार? पार्सलवर गावाचे नाव आणि एक मोबाइल क्रमांक होता, तोही आता बंद आहे. वेबसाइटवरून घेतले असते तर निदान विक्रेत्याची नोंद मागता आली असती.

कोणाला अशी डिस्क घ्यायची असेल तर पैसे देण्यापूर्वी तिच्या पाठीचा आणि मधल्या कड्याचा फोटो मागावा, सोबत त्या दिवशीचे वर्तमानपत्र ठेवायला सांगावे. सीलपॅक असल्याने उघडता येत नाही असे उत्तर आल्यास व्यवहार तिथेच सोडावा.

काल भाच्याने एक जाहिरात दाखवली. विक्रेत्याचे नाव वेगळे आहे, किंमत २,४०० रुपये आहे, आणि फोटो तेच तीन आहेत, डब्याच्या कोपऱ्यावरच्या ओरखड्यासकट.