सूर्यास्ताच्या जलरंगासाठी सुती कागदाचा सुटा ताव: वापरून पाहिल्यावर

पुण्याच्या आप्पा बळवंत चौकात जलरंगाचा कागद मागितला की लाकडाच्या लगद्याचं पॅड आणि सुती कागदाचा सुटा ताव, असे दोन पर्याय पुढे येतात. दोन्ही ३०० जीएसएमचे (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचे) असले, तरी खडकवासल्याच्या पाण्यात उतरलेली संध्याकाळ रंगवायची असेल तर तावच घ्या. २२ × ३० इंचाच्या तावाचे चार तुकडे होतात.

फरक आभाळातच कळतो. लगद्याचा कागद ठिकठिकाणी वाळतो आणि अर्धवट वाळलेल्या जागी ओला ब्रश लागला की फुलकोबीसारखी कड उठते. सुती कागद पाणी आत धरून ठेवतो, त्यामुळे पिवळा, गुलाबी, निळा सलग उतरवायला सवड मिळते. आधी दोन वेळा पाणी फिरवा. साचलेलं पाणी मुरून ओलसर तकाकी उरली की क्षितिजाशी पिवळा, वर गुलाबी, मग अल्ट्रामरीन निळा. मधला गुलाबी पट्टा गाळलात तर पिवळा-निळा एकमेकांत शिरून आभाळ हिरवट होतं.

पाणी रंगवायला आभाळ पूर्ण वाळू द्या. इथे क्रम उलटा: पलीकडच्या काठाशी पिवळा, आपल्याकडे येताना गुलाबी, मग निळा, आणि सगळं आभाळापेक्षा जरा गडद. उन्हाचा पट्टा सूर्याच्या बरोबर खाली, उभाच येतो. तिथे कोरडा ब्रश आडवा धरून हलकेच ओढला की कागदाच्या दाण्यांत पांढरे ठिपके राहतात आणि पाणी चमकतं. कोल्ड प्रेस्ड, म्हणजे दाणेदार पृष्ठभागाचा ताव घ्यायचा तो यासाठीच. गुळगुळीत कागदावर हे साधत नाही.

उणीव एकच, पण मोठी: वरचं सायझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषलं जाऊ नये म्हणून दिलेली खळ, नाजूक आहे. मास्किंग टेप सरळ वर खेचली तर कागदाची साल निघते. आधी हेअर ड्रायरने गरम करा, मग चित्रापासून बाहेरच्या दिशेला तिरकी सोडवा. पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने सायझिंग मरतं आणि कागद टीपकागदासारखा रंग पितो. उरलेले ताव सिलिका जेलच्या पुडीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद ठेवा. जुना साठा गळ्यात पडू नये म्हणून दुकानात आधी एकच ताव घ्या आणि कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवून पाहा. थेंब उभा राहिला तर आणखी घ्या. लगेच शोषून गडद डाग पडला तर त्या गठ्ठ्यातला पुढचा ताव नको.