गेमिंग लॅपटॉपची रॅम, डिस्क आणि पेस्ट: कोणते काम घरी करावे, कोणते दुकानात द्यावे

कोल्हापुरात गेमिंग लॅपटॉप घेणाऱ्यांत अभियांत्रिकीचे विद्यार्थी बरेच असतात. दिवसा कॅडचे, म्हणजे संगणकावर आराखडे काढण्याचे काम आणि रात्री गेम असा दुहेरी वापर झाल्यावर दोन-तीन वर्षांत रॅम अपुरी पडू लागते, डिस्क भरते आणि पंख्यांचा आवाज शेजारच्या खोलीत ऐकू येतो. अशा वेळी तीन वाटा समोर असतात: लॅपटॉप घरी स्वतः उघडणे, राजारामपुरी किंवा शाहूपुरीतील एखाद्या दुरुस्तीच्या दुकानात नेणे, अथवा कंपनीच्या अधिकृत सेवा केंद्राकडे सोपवणे. माझ्या मते हा निर्णय प्रत्येक कामासाठी वेगळा घ्यावा, आणि तो घेताना एकच प्रश्न विचारावा: काही चुकले, तर केलेले काम मागे घेऊन लॅपटॉप पूर्वीसारखा करता येईल का?

प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप बहुतेक सर्व गेमिंग लॅपटॉपमध्ये मुख्य बोर्डावर डाखलेल्या असतात, त्यामुळे त्या बदलण्याचा विचार सोडून द्यावा. उरतात रॅम, एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क), थंडावा देणारी यंत्रणा आणि बॅटरी.

यांपैकी रॅम घरी बदलण्यास सर्वांत सोपी आहे, मात्र खरेदीपूर्वीची चौकशी तितकीच महत्त्वाची आहे. डीडीआर 4 आणि डीडीआर 5 या रॅमच्या दोन पिढ्यांच्या पट्ट्यांची खाच वेगवेगळ्या जागी असते आणि एकीच्या खोबणीत दुसरी बसत नाही. काही सडपातळ मॉडेलांत तर रॅम बोर्डावरच डाखलेली असल्याने वाढवण्याची सोयच नसते. लेनोवो, डेल आणि एचपी या कंपन्या आपल्या लॅपटॉपची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर उपलब्ध करून देतात, ती आधी वाचावी. लॅपटॉपमध्ये 8 जीबीची एकच पट्टी असेल, तर तशीच दुसरी बसवल्याने क्षमता वाढतेच, शिवाय रॅम आणि प्रोसेसर यांच्यातील दोन्ही मार्गांनी माहितीची ये-जा सुरू होऊन खेळातील अचानक येणारे अडखळणे कमी होते. पट्टी साधारण तीस अंशांच्या कोनात आत सरकवून खाली दाबली की दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या आवाज करून बसतात. डीडीआर 5 बसवल्यानंतर पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळा राहू शकतो. त्या काळात लॅपटॉप नव्या रॅमची जुळवाजुळव करत असतो, म्हणून घाबरून बटण दाबू नये. काही बिघडलेच, तर जुनी पट्टी परत लावता येते. एवढ्या कामासाठी दुकानात मजुरी देण्याचे मला कारण दिसत नाही.

घरी उघडण्यातील खरा धोका झाकणाशी असतो. शिवाजी उद्यमनगरातील यंत्रांवर ज्यांचा हात बसलेला आहे, त्यांनीही येथे वेगळी सवय लावून घ्यावी. हे बारीक स्क्रू प्लॅस्टिकमध्ये बसवलेल्या पितळी बुशांत फिरतात आणि जास्त आवळल्यास बुशच उपटून येते. स्क्रूच्या डोक्यात नीट बसणारा, बहुधा पीएच 0 मापाचा पेचकस वापरावा. स्क्रूंची लांबी जागेनुसार बदलते, म्हणून कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचून ठेवावा. झाकणाच्या कडेच्या खाचा प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीने सोडवाव्यात. माझ्या लॅपटॉपची एक खाच मी घाईने लोखंडी पात्याने उचलताना तुटली आणि ती कड आजही किंचित उघडी राहते. झाकण निघाल्यावर इतर कशालाही हात लावण्यापूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट असल्याने स्थिर विजेची भीती कमी असते, परंतु डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत लोकरी कपडे घालून हे काम करू नये आणि मधूनमधून हात एखाद्या अर्थिंग असलेल्या धातूला लावावा.

एसएसडीच्या बाबतीत घर आणि दुकान यांच्यातील फरक अधिक बारकाईने पाहावा लागतो. दुसरी एम.2 खोबण (एसएसडीची चपटी पट्टी बसवण्याची जागा) मोकळी असेल, तर नवी डिस्क लावून एक स्क्रू आवळणे एवढेच काम असते. साटा या जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला सुमारे 550 एमबी वाचते, तर एनव्हीएमई या वेगवान प्रकारातील तिसऱ्या पिढीची सुमारे 3500 आणि चौथ्या पिढीची सुमारे 7000 एमबीपर्यंत जाते. असे असले तरी बहुतेक गेम उघडण्याच्या वेळेत तिसऱ्या आणि चौथ्या पिढीतील अंतर फारसे जाणवत नाही, म्हणून पैसे वेगापेक्षा क्षमतेवर खर्च करणे मला योग्य वाटते. एकच खोबण असल्यास जुन्या डिस्कची प्रत काढावी लागते आणि येथे दुकानाची सोय मोहात पाडते. मात्र दुकानात दिलेल्या डिस्कसोबत आपली छायाचित्रे, बँकेची कागदपत्रे आणि जतन केलेले पासवर्डही जातात. यूएसबीच्या एनक्लोजरमध्ये, म्हणजे डिस्क बाहेरून जोडण्याच्या डबीत नवी डिस्क लावून प्रत घरी काढता येते, आणि जुनी डिस्क जशीच्या तशी हाताशी राहते. विंडोजचे एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू असेल, तर ते कुलूप उघडणारी 48 अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी.

प्रोसेसरवरील पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता तांब्याच्या सांगाड्याकडे नेणारा लेप बदलण्याच्या कामात मात्र माझा कौल बदलतो. पंख्यात साचलेली धूळ घरी काढावी. फुंकर मारताना पाते बोटाने धरून ठेवावे म्हणजे ते वेगाने फिरून खराब होत नाही. उष्णता वाहून नेणारा तांब्याचा सांगाडा उचलला, की जुनी पेस्ट तुटते आणि माघार घेता येत नाही. त्याखालील, उष्णता पुढे नेणाऱ्या मऊ पॅडची जाडी अर्ध्या मिलिमीटरने चुकली, तरी ग्राफिक्स मेमरीला स्पर्श मिळत नाही. असूसच्या आरओजी मालिकेतील अनेक लॅपटॉपमध्ये पेस्टऐवजी द्रवरूप धातू असतो. तो वीजवाहक आहे आणि त्यातील गॅलियम ॲल्युमिनियम पोखरतो, त्यामुळे त्याचा एक थेंब बोर्डावर सांडला तरी मोठे नुकसान होते. अशा लॅपटॉपसाठी अधिकृत केंद्रच निवडावे, मग वेळ कितीही लागो. साध्या पेस्टसाठी अनुभवी दुकान चालेल, पण त्यांना पॅडची जाडी कशी ठरवणार हे विचारावे; ‘सगळीकडे एकच पॅड लावतो’ असे उत्तर आल्यास लॅपटॉप परत घ्यावा.

वॉरंटी शिल्लक असताना तिच्या अटी वाचल्याशिवाय झाकण उघडू नये. काही कंपन्या रॅम आणि डिस्क ग्राहकाने बदलण्यास मुभा देतात, पण उघडताना झालेली मोडतोड भरून देत नाहीत.

फुगलेली बॅटरी दिसल्यास तिला दाबू वा टोचू नये, चार्जिंग तत्काळ थांबवावे आणि ती दुकानाकडूनच काढून घ्यावी. 2019 आणि 2021 च्या महापुरांत शाहूपुरीसारख्या भागांत पाणी शिरले होते. तशा पाण्यात भिजलेला लॅपटॉप वरून वाळल्यासारखा दिसला, तरी बोर्डावर गाळ आणि गंज राहतो. तो सुरू करून पाहू नये, चार्जर लावू नये, आणि चिप-पातळीवर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराकडे त्याच दिवशी पोहोचवावा.