एमजीबीचा क्लच-गिअरबॉक्स घरीच उघडला, आठ महिन्यांनी काय हाल आहेत

मागच्या दिवाळीनंतर घरीच इंजिन उतरवलं होतं, आता जुलै लागला, गाडी 1,900 किलोमीटर चालली, म्हणून आता लिहून राहिलो. काम झाल्या झाल्या सगळंच भारी वाटते, त्याला काही अर्थ नाही.

गाडी मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, 1966 ची एमजीबी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. नागपूरहून हिंगणघाटजवळ आमच्या गावी आणली आणि मग कित्येक वर्षं टिनाच्या शेडमध्ये पऱ्हाट्यांच्या ढिगाशेजारी उभीच. क्लच दाबला की धातू घासल्यासारखा करकर आवाज, आणि दुसरा गिअर खाली टाकताना कर्रर्र.

या गाडीची गंमत अशी की क्लचपर्यंत पोचायचं तर इंजिन बाहेर काढावंच लागते, खालून गिअरबॉक्स निघत नाही. मला गिअरबॉक्सही उघडायचा होता, म्हणून दोन्ही एकत्रच काढले. दोन क्विंटलच्या वर वजन. विहिरीतली मोटर काढायची तिपाई आणि चेनकुप्पी होती, त्यावरच उचललं. हौशी माणसानं क्रेन बिन विकत घेऊ नये, गावात कोणाकडे तरी कुप्पी असतेच. पाने मात्र आपल्याकडचे 12-13 मिलिमीटरवाले चालत नाहीत, सगळे इंची. ते मिळाले हिंगणघाटच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे, ज्यांनी जन्मभर ॲम्बेसेडर उघडल्या. इंजिन पाहून म्हणाले, "अरे हे त आंबेशडरचंच घराणं आहे ना बाप्पा!" खरंच आहे, ॲम्बेसेडरचं 1489 सीसी आणि एमजीबीचं 1798 सीसी, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी सिरीज इंजिनांपैकीच. साडेचार सुताचा, म्हणजे 9/16 इंची पाना त्यांनी न पाहता पेटीतून काढून दिला.

उघडल्यावर कळलं की रिलीज बेअरिंग म्हणजे गोळ्यांचं बेअरिंग नाहीच, ग्रॅफाइटची कडी आहे, पेडल दाबलं की ती प्रेशर प्लेटवर, म्हणजे क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या झाकणावर, घासते. आमची झिजून पार धातूच्या कपापर्यंत गेली होती. मिस्त्रींनी कडी हातात घेऊन एकच विचारलं, "क्लचवर पाय ठेवून कोण चालवत होतं बे?" मी काही बोललो नाही, मामाजी जावयाला काय म्हणतील. गोळ्यांचं बेअरिंगही मिळते पण मी ग्रॅफाइटच टाकलं, कारण बेअरिंग ढकलणारा फोर्क सरळ जात नाही, कमानीत फिरतो, आणि ग्रॅफाइट ते बाजूला सरकणं सहन करते. आठ महिन्यांत आवाज शून्य. सिग्नलला न्यूट्रल करा, पाय काढा, बस. डिसेंबरात मार्केट यार्डासमोर कापसाच्या गाड्यांची रांग लागते तेव्हा खरी परीक्षा झाली, पाऊण तास मी प्रत्येक वेळी न्यूट्रल करत होतो आणि मागचा ट्रॅक्टरवाला हॉर्न वाजवून राहिला होता.

क्लच प्लेट मध्यभागी बसवायला लेथवाल्याकडून लाकडाचा दांडा करून घेतला, झकास काम झालं. त्याआधी प्लेट उलटी लावून बोल्ट आवळले होते ते सोडा. फ्लायव्हीलकडची बाजू प्लेटवर लिहिलेली असते, वाचायचं असते.

गिअरबॉक्समध्ये लेशाफ्टला, म्हणजे खालच्या गिअरांच्या दांड्याला, खड्डे पडले होते, तो, त्याचे नीडल बेअरिंग आणि दुसऱ्या गिअरची पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवते ती) बदलली. पहिल्याला सिंक्रो नाहीच, गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकायचा नाही, नाहीतर दात जातात. इथे माझी एक चूक झाली. दुकानदार म्हणाला गिअरबॉक्स म्हणजे नव्वद नंबरचं जाड गिअर ऑइल, मी अडीच लिटर ओतलं. जानेवारीच्या थंडीत सकाळी दुसरा गिअर जाईचना, पाच किलोमीटर तापल्यावर कुठे मऊ. या गिअरबॉक्सला इंजिनचंच 20डब्ल्यू50 लागते. बदललं, त्याच दिवशी फरक. वर नव्वदमध्ये जीएल-5 ग्रेडचं गिअर ऑइल आलं तर पितळेलाही त्रास.

सगळ्यात नाराज मी स्लेव्ह सिलिंडरवर आहे, पेडलचा दाब ऑइलमधून घेऊन क्लचचा फोर्क ढकलतो तो. बाहेरून मागवलेला, कस्टम ड्युटी भरून. कंपनीचं नाव लिहीत नाही, पण मे महिन्यात, शेडमध्ये उभं राहवत नव्हतं अशा उन्हात, रबर पाझरायला लागलं आणि पेडल जमिनीला. परत हवा काढणं आलं, आणि वरून पेडल मारून मारून या क्लचची हवा निघता निघत नाही. शेवटी जनावरांच्या डॉक्टरकडून मोठी सिरिंज आणली आणि ब्रेक ऑइल खालून, स्लेव्हच्या निपलमधून वर ढकललं. दहा मिनिटांत काम. सिरिंज परत मागितली नाही त्यांनी, रंगावर सांडलेल्या थेंबानं मडगार्डचा रंग मात्र उचलला.

आता हाल असे की क्लच मऊ आहे, दुसरा गिअर गपचूप जाते, पहिल्यात थोडी घरघर आहे ती राहू दिली. खाली ट्रेमध्ये रात्रीतून दोन-चार थेंब तेल असते. पांदणीच्या चिखलात काढत नाही, डांबरी सोडून नाहीच. मामाजी दिवाळीत येणार आहेत, चालवायला मागतीलच, आणि त्यांना "पाय काढा" कसं म्हणायचं ते मी बायकोवर सोडलंय.