गोलाईमागचं रिपेअरिंगचं दुकान, विंडोज ११ आणि आमचा काटा

लातूरला गंजगोलाईच्या मागं भांड्याच्या दुकानावर पहिल्या मजल्यावर एक काका बसतात, कॉम्प्युटर रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे त्यांचं. नाव टाकत नाही कारण त्यांनीच नको म्हणलं, एकटेच काम करतात आणि टेबलावर कायम सात-आठ सीपीयू उघडे पडलेले असतात. पण गोलाईत कुण्याही कॉम्प्युटरवाल्याला विचारा की जुन्या पोर्टचं, काट्याबिट्याचं काम कोण करतं, तर त्यांच्याकडंच पाठवतेत, मला पण तसंच पाठवलं.

आमची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत आहे. सौदे वडील बघतात आणि कॉम्प्युटरचं सगळं माझ्याकडं. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या डिस्प्लेच्या मागं नऊ पिनचा सिरीयल पोर्ट असतो, आताच्या बहुतेक सीपीयूला तसला पोर्टच येत नाही म्हणून मधी एक यूएसबीचा कन्व्हर्टर लावावा लागतो, तो लावला की कट्टा काट्यावर ठेवल्याबरोबर वजन सॉफ्टवेअरमध्ये येतं आणि तिथून थेट पट्टीवर, म्हणजे शेतकऱ्याला देतो त्या हिशोबाच्या कागदावर. हे बसवल्यापासून मापाड्यानं ओरडायचं आणि मी लिहायचं हे बंदच झालं, शेतकरी डिस्प्लेवर जो आकडा बघतो तोच पट्टीवर असतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार म्हणून स्क्रीनवर रोज नोटीस यायली होती. आमचा सीपीयू आठव्या जनरेशनचा, ११ ला लागते ती टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप पण आहे, म्हणजे ११ ला चालतो. म्हणून १२ तारखेला रविवारी अपडेट लावून दिलं. सोमवारी सकाळी उघडलं तर सगळं व्यवस्थित, पट्टी काढायचा प्रिंटर सुद्धा चालू, फक्त काट्याचं वजन येईना. वायर काढून घातली, दुसऱ्या यूएसबीत लावली, रीस्टार्ट केलं, काही नाही.

आता ऑक्टोबर म्हणजे सोयाबीनचा महिना. त्यात त्या वर्षी सप्टेंबरच्या पावसानं कित्येकांचं रान पाण्यात गेलं होतं, जे हाती लागलं ते ओलं, त्या वर्षीचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये आणि मोंढ्यातला भाव त्याच्या बराच खाली. असल्या वेळी माणूस वजनाकडं किती बारीक बघतो ते मी शेजारी बसून बघितलंय. हातानं वजन टाकायला लागलो आणि तिसऱ्या का चौथ्याच पट्टीला एका आबांचा कट्टा ५८.६५० चा मी ५६.८५० टाकला. आबांनी आवाज चढवला नाही, फक्त म्हणले, "बाळा, माझा एक कट्टा हलका झाला बघ." लगेच दुरुस्त करून दिलं, पण ते जाईपर्यंत मला मान वर करून बघवंना. चार वर्षं ज्या पट्टीवर लोकांनी डोळे झाकून भरवसा ठेवला ती पट्टी त्या दिवशी माझ्या बोटावर आली होती.

दुपारी एका दुकानातून माणूस बोलावला. त्यानं पंधरा मिनिटं बघितलं आणि सांगितलं काट्याच्या डिस्प्लेचं कार्ड गेलंय, साडेसहा हजार लागतील, खोलून नेतो. वडिलांनी तिथंच थांबवलं, कारण काट्याला वैधमापनचं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याचं, सील असतं, दर वर्षी पडताळणी होते, सील तोडून डिस्प्ले खोलला की परत स्टॅम्पिंग करून आणल्याशिवाय त्या काट्यावर एक कट्टा मापता येत नाही. ऐन सीझनला काटा बंद. मग संध्याकाळी मी सीपीयू आणि कन्व्हर्टर घेऊन काकांकडं गेलो.

मला हे दुकान का आवडलं ते सांगतो. काकांनी सीपीयूला हात लावायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "बंद पडायच्या आदल्या दिवशी काय केलतं?" मी म्हणलं विंडोज ११ टाकलं. ते म्हणले, मग काट्याचं कार्ड कसं जाईल, काट्याला कुठं माहीत आहे तुमच्याकडं कोणतं विंडोज आहे ते, डिस्प्लेवर वजन दिसायलंय ना? दिसायलंय. मग काट्याला हात लावायचा नाही.

त्यांच्याकडं विंडोज ७ चा एक जुना लॅपटॉप ठेवलेला आहे, खास ह्याच कामाला. कन्व्हर्टर त्याला लावला, नऊ पिनच्या टोकाला दोन आणि तीन नंबरच्या पिनला स्टेपलरची पिन वाकवून जोडली आणि पोर्ट तपासायचं पुट्टी नावाचं सॉफ्टवेअर उघडून कीबोर्डवर काहीतरी टाईप केलं. जे टाईप केलं तेच स्क्रीनवर परत आलं. तीन नंबरनं पाठवायचं आणि दोन नंबरनं घ्यायचं असतं म्हणून दोन्ही जोडले की आपलंच अक्षर आपल्याकडं येतं, मग पिन काढली तर अक्षरं यायची बंद. म्हणजे कन्व्हर्टर जिवंत आहे हे मला डोळ्यांनी दाखवलं, नुसतं सांगितलं नाही.

मग आमचा सीपीयू चालू करून डिव्हाइस मॅनेजर उघडलं. पोर्ट्सच्या खाली पिवळा त्रिकोण आणि नावाच्या जागी इंग्रजीत लिहिलेलं की पीएल२३०३एचएक्सए ही चिप २०१२ पासून बंद केली आहे, सप्लायरला भेटा. सोमवारी सकाळी मी हे उघडून बघितलंच नव्हतं, आणि तो दुपारचा माणूस पण तिथपर्यंत गेला नव्हता. काकांनी समजावलं की कन्व्हर्टरच्या आतल्या ह्या चिपच्या नकला बाजारात फार झाल्या होत्या, ही चिप मूळ कंपनीनं केव्हाच बंद केली आणि नव्या ड्रायव्हरमधून, म्हणजे विंडोजला ती चिप वापरायला शिकवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, तिचा सपोर्ट काढून टाकला. अपडेट करताना विंडोजनं नवा ड्रायव्हर बसवला, नव्या ड्रायव्हरनं जुनी चिप ओळखली आणि काम करायचं नाकारलं. वस्तू चांगली, वायर चांगली, फक्त मधला दुभाषा बदलला.

इलाज दहा मिनिटांचा. त्यांच्या पेनड्राइव्हवर २००८ सालचा ड्रायव्हर होता तो टाकला, डिव्हाइस मॅनेजरमध्ये राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, माझ्या कॉम्प्युटरवर शोधा, लिस्टमधून निवडू द्या, आणि तिथं २००८ वाला निवडला. त्रिकोण गेला. पण एवढ्यावर सोडलं नाही त्यांनी, पोर्टचा नंबर बघितला तर कॉम ७ झालेला, आमच्या सॉफ्टवेअरमध्ये कॉम ३ भरलेला, म्हणजे ड्रायव्हर नीट बसला असता तरी वजन आलं नसतंच आणि मी परत धावत आलो असतो. अॅडव्हान्स्ड सेटिंगमधून परत कॉम ३ केला. बॉड रेट, म्हणजे काटा आकडे पाठवतो तो वेग, ९६०० आहे का ते विचारून घेतलं. वर विंडोज आपणहून ड्रायव्हर बदलणार नाही अशी सेटिंग पण करून दिली, तरी बजावलं की मोठं अपडेट आलं की नवा ड्रायव्हर परत बसू शकतो, मग हेच परत करायचं. सगळं एका चिठ्ठीवर मराठीत लिहून दिलं, ती चिठ्ठी मी सीपीयूला चिकटवलीय. आणखी एक सांगितलं जे मला माहीत नव्हतं, अपडेट केल्यावर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधून मागच्या विंडोजवर परत जाता येतं, त्यानंतर ते बटणच राहत नाही.

दोनशे रुपये घेतले. मी म्हणलं नवा कन्व्हर्टरच द्या मग, तर म्हणले आज नको, आज हा चालतोय, दिवाळी झाल्यावर या, चांगल्या चिपचा मागवून ठेवतो. नंतर साडेसातशेला घेतला, तो विंडोज ११ वर लावल्याबरोबर चालला, जुना आता सुट्टा म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवलाय.

नाराजी पण सांगतो. दुकान साडेअकराच्या आधी उघडत नाही, मोंढ्यातल्या माणसाला हे फार उशिरा पडतं. फोन दहादा लावला तरी उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. कन्व्हर्टरचं बिल मागितल्यावर चार दिवसांनी मिळालं. बसायला एकच स्टूल. आणि गर्दी असली की तुमचा नंबर येईपर्यंत दीड-दोन तास जातात, कारण प्रत्येकाला ते तसंच सगळं दाखवून सांगत बसतात. माझा नंबर यायच्या आधी एका झेरॉक्सवाल्या ताईंचा स्कॅनर घेऊन बसले होते, त्याला अर्धा तास गेला, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला राग आला होता.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार. आबा पुढच्या आठवड्यात राहिलेले नऊ कट्टे घेऊन परत आमच्याकडंच आले. तुमचं काही अपडेटनंतर बंद पडलं असेल तर सीपीयू, वायर, कन्व्हर्टर सगळं सोबत घेऊन जा, नुसता फोटो दाखवून ते काही सांगत नाहीत. जिना अरुंद आहे आणि संध्याकाळी अंधार असतो, जड सीपीयू असला तर सोबत एक माणूस घ्या.