महानगर प्रदेशाची तब्येत मोजायला एकच इंडेक्स घ्यावा की डॅशबोर्ड?

महानगर प्रदेशाचा वार्षिक अहवाल काढायचा ठरला की पहिल्याच मीटिंगला वाद होतो तो यावरच. अर्थव्यवस्था, हवा, पाणी, घरं सगळं मिळून एक स्कोर द्यायचा (इंडेक्स) की आकडे वेगवेगळे शेजारी शेजारी मांडायचे (डॅशबोर्ड)? मी दोन्ही प्रकारांवर काम केलंय आणि आता बऱ्यापैकी डॅशबोर्डकडे झुकलोय. पण इंडेक्सवाल्यांचं म्हणणं उगाच नाहीये, म्हणून आधी त्यांची बाजू.

इंडेक्स लक्षात राहतो. गेल्या वर्षी ५८ होता, यंदा ६१ झाला, एवढं कुणालाही कळतं, पेपरात हेडिंग होतं आणि निर्णय घेणारी माणसं निदान विचारतात तरी की हे काय आहे. डॅशबोर्डचं तसं नाही, तो बघता बघता फुगतो. आयएसओ ३७१२० हे शहरांसाठीचं स्टँडर्ड घ्या, २०१४ च्या पहिल्या आवृत्तीतच १०० निर्देशक होते. कामाचं आहे, पण एवढं सगळं एका बैठकीत वाचणार कोण? शिवाय आकडे भरपूर असले की ज्याला त्याला आपल्या सोयीचा एक उचलून दाखवता येतो, ही डॅशबोर्डची खरी दुखरी बाजू.

आता इंडेक्सकडे. सरासरीचा प्रॉब्लेम तुम्हाला माहीत असेलच. उत्पन्नाचा स्कोर ६० वरून ७० झाला आणि हवेचा ४० वरून ३० वर आला तर सरासरी आधीही ५० आणि नंतरही ५०, म्हणजे हवा बिघडली ती कागदावर दिसलीच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये साधी सरासरी सोडून जिऑमेट्रिक मीन (बेरजेऐवजी गुणाकार करून मूळ काढायचं) घेतला तो एकाची घसरण दुसऱ्याच्या वाढीने अशी झाकली जाऊ नये म्हणूनच. वरचेच आकडे त्या पद्धतीने काढले तर ४९ वरून साधारण ४६ वर येतात. थोडी तरी घसरण दिसते. त्यामुळे एवढ्या एका कारणासाठी मी इंडेक्स सोडला नसता.

मला नकोसं झालं ते वेगळ्याच गोष्टीने. बऱ्याच इंडेक्समध्ये स्कोर काढतात तो यादीतला सगळ्यात चांगला प्रदेश १०० आणि सगळ्यात वाईट ० धरून. समजा तुमच्याकडे पीएम २.५ ची, म्हणजे हवेतल्या अतिबारीक कणांची, वार्षिक सरासरी घनमीटरला ३५ मायक्रोग्रॅम आहे, यादीत सगळ्यात चांगला १० आणि सगळ्यात वाईट ६०, म्हणजे तुमचा स्कोर बरोबर ५०. पुढच्या वर्षी यादीत ११० वाला एक नवीन प्रदेश आला की तुमचा स्कोर थेट ७५! हवेतला एक कण कमी झालेला नाही, कारखान्याची एकही चिमणी बंद झालेली नाही, आणि तुम्ही २५ पॉइंट वर. आमच्याकडे असंच झालं, लोकांनी अभिनंदनाचे मेसेज टाकले, आणि हवा सुधारलेली नाही हे समजावताना नाकी नऊ आले कारण स्कोर तर वर गेलेला दिसत होता. जे लोक रोज तीच हवा घेतायत त्यांना हे काय सांगणार?

यावर उपाय नाही असं नाही. चांगलं-वाईट टोक आधीच ठरवून पक्कं करता येतं, मानव विकास निर्देशांकातही टोकं यादीवरून न घेता ठरवूनच घेतलेली आहेत. पण मग ती टोकं कोणी आणि कशावरून ठरवायची हा वाद उरतोच, आणि मापदंड बदलले की परत घोळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा १० वरून ५ वर आणली, त्या मर्यादेवर बेतलेला इंडेक्स असेल तर मागच्या सगळ्या वर्षांचे स्कोर पुन्हा काढा. डॅशबोर्डवर ३५ हे ३५ च राहतात, फक्त शेजारची मर्यादेची रेघ खाली सरकते. माझ्यासाठी निकाल इथेच लागला.

वेटेजचं तर बोलायलाच नको, हवेला किती आणि नोकऱ्यांना किती हे कुठलंही गणित सांगत नाही. ओईसीडीने (प्रामुख्याने विकसित देशांची संघटना) २०११ च्या बेटर लाइफ इंडेक्समध्ये वेटेज वाचणाऱ्याच्याच हातात दिलं, मला ते प्रामाणिक वाटतं. आणि प्रगती कशी मोजावी यावर तीन अर्थतज्ज्ञांच्या नावाने ओळखला जाणारा २००९ चा स्टिग्लिट्झ-सेन-फितूसी अहवाल आहे, त्यातलं हे उदाहरण बघा: गाडीचा वेग आणि टाकीतलं पेट्रोल यांची बेरीज दाखवणारा मीटर ड्रायव्हरच्या काय कामाचा?

सगळं पैशात मोजणारा जीपीआय (जेन्युइन प्रोग्रेस इंडिकेटर) हा तिसरा पर्याय आहे, त्यात प्रदूषण, प्रवासात जाणारा वेळ वगैरे वजा होतं आणि घरकाम मिळवलं जातं. कल्पना मला खूप आवडते, पण महानगराच्या पातळीवर एवढा डेटा मिळणं अवघड, आणि नाही मिळाला की राज्याचे किंवा देशाचे आकडे लोकसंख्येच्या प्रमाणात वाटून घ्यायचा मोह होतो. मग मोजलं काय?

हद्दीचा प्रश्न मात्र दोन्हीकडे सारखाच. महापालिकेची हद्द धरली तर रोज बाहेरून कामाला येणारी माणसं आणि शहराला वीज देणारं हद्दीबाहेरचं केंद्र दोन्ही सुटतात. ओईसीडीच्या व्याख्येत ज्या भागातले किमान १५ टक्के नोकरदार मुख्य शहरात कामाला जातात तो भाग आत धरतात. ही व्याख्या मला तरी बरी वाटते, पण वीज केंद्रं त्यातूनही सुटू शकतात, म्हणून त्यांची नोंद वेगळी ठेवा.

तुमचा वाचक फक्त हेडलाइन बघणारा असेल आणि वरून एक आकडा हवाच असा आग्रह असेल तर इंडेक्स घ्या, पण टोकं पक्की ठेवा, जिऑमेट्रिक मीन वापरा आणि मूळ आकडे त्याच पानावर छापा. नाहीतर डॅशबोर्ड, तोही पंधराच्या आत. निर्देशक पहिल्या वर्षी ठरवून जाहीर करा म्हणजे नंतर सोयीचे निवडता येत नाहीत. त्यात एखादा तरी असा असू दे की लोकांना स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येईल. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये नागरिकांनी काढलेल्या १९९३ च्या अहवालात ओढ्यांमध्ये परतणाऱ्या सामन माशांची संख्या हा एक निर्देशक होता, तसं काहीतरी. आणि दरडोई उत्पन्न आणि पीएम २.५ एकाच पानावर, एकाखाली एक छापा.