सेफ्टी शूजमध्ये टाकायचा कडक पाऊण इनसोल: कमानीच्या दुखण्यावर कितपत कामाचा?

वाळूज किंवा शेंद्र्याच्या एमआयडीसीत कारखान्याच्या लाइनवर, ओव्हरटाइम धरून बारा तास सिमेंटच्या कोब्यावर उभं राहिलं की टाच आणि चवडा यांच्या मधली कमान धरते. अशा वेळी दुकानदार आधी पुढे करतो तो निळा जेलचा इनसोल. हातात छान लागतो, पण या दुखण्यावर तो फारसा कामाचा नाही. जेल दणका शोषतं. चालताना टाचेला दणका बसतो, एका जागी उभं राहिल्यावर बसत नाही. तिथे टाचेपासून बोटांपर्यंत गेलेला जाड पट्टा अंगाच्या वजनाने तासन्‌तास ताणलेला राहतो. त्याला गादी नाही, खालून टेकू लागतो.

तो टेकू देतो कडक पाऊण इनसोल, म्हणजे पावलाच्या पाऊण लांबीचा: खाली प्लास्टिकचा साचा, वर पातळ फोम, टाचेला वाटीसारखी खोलगट जागा. साधारण पाचशे ते नऊशे रुपयांत बरा मिळतो. घेताना टेबलावर ठेवून कमानीखाली येणारा उंचवटा अंगठ्याने जोरात दाबून बघा. अंगठ्यानेच सपाट झाला, तर साठ-सत्तर किलोखाली काय टिकणार? तो परत ठेवा.

पाऊणच का, तर सेफ्टी शूजच्या पुढे स्टीलची टोपी असते आणि ती सैल पडत नाही. पूर्ण लांबीचा जाड इनसोल टाकला की बोटं वर उचलली जातात, अंगठ्याचं नख टोपीला घासतं आणि काळं पडतं. पाऊण इनसोल चवड्याच्या जरा मागेच संपतो, त्यामुळे बोटांची जागा शाबूत राहते. बुटातला मूळ सोल काढा, हा खाली टाचेला टेकवून बसवा आणि मूळ सोल परत वर टाका. सरकत असेल तर टाचेखाली दुहेरी चिकटपट्टी लावा. उंचवट्याचा माथा टाचेच्या हाडाच्या थोडा पुढे, पायाच्या आतल्या बाजूला यायला हवा. पुढची कड चवड्याखाली टोचली तर नंबर मोठा आहे.

पहिल्याच दिवशी अख्खी शिफ्ट काढू नका, इथेच बहुतेकांचं बिनसतं आणि चांगला इनसोल कोपऱ्यात पडतो. सुरुवातीला एक-दोन तास, मग रोज तासभर वाढवत आठ-दहा दिवसांत पूर्ण शिफ्ट. दुखतो एकच पाय, तरी घालायचा दोन्हीत. गुडघा किंवा पावलाची बाहेरची कड नव्याने दुखायला लागली तर उंचवटा तुमच्या पायाला जास्त होतोय.

उणिवा आहेतच. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या घामाने वरचं कापड सुटतं, आणि बूट उन्हात पत्र्यावर वाळवले की गोंदही. सावलीत वाळवा. इलेक्ट्रॉनिक्सच्या लाइनवर ईएसडी शूज (अंगातली स्थिर वीज जमिनीत उतरवणारे) असतील तर सेफ्टीवाल्यांना विचारल्याशिवाय काहीच टाकू नका. प्लास्टिकमुळे ती वीज उतरत नाही. आणि बूटच मेलेला असेल, म्हणजे टाच-टोक धरून पिळल्यावर फडक्यासारखा पिळला जात असेल, तर आधी बूट बदला.

पोटरी आखडलेली असेल तर इनसोल एकटा पुरत नाही. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकवण्याआधी दुखरा पाय मांडीवर घ्या, बोटं नडगीकडे ओढून दहा सेकंद धरा, असं दहा वेळा. जेवणाच्या सुट्टीत भिंतीला हात लावून, मागची टाच जमिनीला टेकवून पोटरी तीस सेकंद ताणा, प्रत्येक पायाला तीनदा.

शुगरमुळे तळपाय बधिर झालेला असेल तर हा कडक इनसोल स्वतःच्या मनाने घेऊ नका. टोचलेलं कळत नाही आणि जखम होते. सूज, मुंग्या असतील किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर हाडाच्या डॉक्टरांना दाखवा.

खरेदीला शिफ्ट सुटल्यावर जा, तेव्हा पाय सुजलेले असतात. कामावरचेच बूट आणि मोजे घालून बघा, आणि परत घेणार का ते पैसे देण्याआधी विचारून घ्या. कात्री लागलेला इनसोल सहसा कोणी परत घेत नाही.