पीएस५: डिस्क घ्यावी की डाउनलोड?

पीएस५ या सोनीच्या गेम कन्सोलची डिजिटल एडिशन (डिस्क ड्राइव्ह नसलेलं मॉडेल) स्वस्त पडते, पण मग गेम घ्यायचे ते प्लेस्टेशन स्टोअर या सोनीच्या ऑनलाइन दुकानातूनच. दुसरा दुकानदारच नाही, तर घासाघीस कुणाशी करणार?

माझा कल डिस्ककडे. चार-पाच हजारांचा गेम संपला की विकता येतो, मित्राशी अदलाबदल करता येते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सेकंडहँड डिस्क चाळण्यात वेगळीच मजा आहे (ओरखडे मात्र उजेडात धरून बघा). जुन्या पीएस४च्या बहुतेक डिस्कही चालतात. पण डिस्कमुळे जागा वाचते हा भ्रम आहे. गेम कन्सोलच्या आतल्या स्टोरेजवर (एसएसडीवर) उतरतोच, आणि पहिल्या मॉडेलच्या ८२५ जीबीतले वापरायला मिळतात जेमतेम ६६७. वर खेळताना डिस्क आत हवीच.

डाउनलोडचं सुख आळशी माणसाचं: गेम बदलायला उठायला नको. छोटे इंडी गेम (स्वतंत्र, लहान स्टुडिओंचे) तर कित्येकदा डिस्कवर येतच नाहीत. ते मी सेलमध्येच घेतो. एकदा डाउनलोड सुरू केलं की पैसे सहसा परत मिळत नाहीत, आणि नावडलेला गेम कुणाच्या गळ्यातही मारता येत नाही.

बजेट ताणलेलं असेल तर २०२३चं स्लिम डिजिटल मॉडेल बघा, त्याला ड्राइव्ह नंतर वेगळा घेऊन जोडता येतो.